पाहुणे जेवल्याशिवाय

आईचं वजन अडतीस किलोवर आलं तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा नळीचं नाव काढलं. नाकातून पोटात जाणारी नळी. "पंधरा दिवस पाहू. तोंडानं खाल्लं तर ठीक, नाहीतर घालावी लागेल," एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. त्यांना काय, बाहेर बाकावर अजून वीस माणसं बसलेली होती. मी आईला ऑटोत बसवलं आणि मनीषनगरला घर येईपर्यंत एकच विचार करत राहिले, की ही बाई नळी ठेवणार नाही, उपसून फेकेल. मग हात बांधावे लागतील. आणि ते बांधणार कोण? मीच ना.

आईला गिळता येत नव्हतं असं नाही. पोट दुखत होतं असंही नाही. रक्त, लघवी, फोटो, दुर्बीण, सगळं करून झालं होतं आणि सगळं व्यवस्थित होतं. आई जेवत नव्हती, कारण पाहुणे अजून जेवले नव्हते. हे वाक्य मी डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी मलाच गोळ्या लिहून दिल्या असत्या. म्हणून आमच्या हॉटेलचं थोडं सांगावं लागेल.

माझ्या वडिलांचं नागपुरात सीताबर्डीत चादरी आणि सतरंज्यांचं दुकान होतं. लग्नानंतर काही वर्षांनी एका मे महिन्यात ते आईला घेऊन चिखलदऱ्याला गेले. नागपूरचा माणूस, मे महिन्यात ओली चादर अंगावर घेऊन झोपायची सवय. तिथं तो रात्रभर कोरडं पांघरूण घेऊन झोपला आणि सकाळी उठून आईला म्हणाला, "अवं, इथं तर पंखाच लागत नाही!" आमच्या घरात पुढं जे काही झालं ते ह्या एका वाक्यामुळे झालं. धंद्याचा दुसरा काही विचार म्हणून त्यांनी केला नव्हता. दोन वर्षांत त्यांनी दरीच्या बाजूचं एक चार खोल्यांचं दगडी घर घेतलं, दुकानात न खपलेल्या चादरी खाटांवर घातल्या आणि बाहेर पाटी लावली, "लॉज".

बुकिंग सीताबर्डीच्या दुकानात व्हायचं. सतरंजी घ्यायला आलेल्या माणसाला वडील आधी पंख्याची गोष्ट सांगायचे आणि माणूस सतरंजी विसरून खोली ठरवून जायचा. पुढं चाराच्या आठ खोल्या झाल्या, पाटीवर "लॉज"चं "हॉटेल" झालं. आजूबाजूला मोठी हॉटेलं आली तेव्हा वडिलांनी अंगणात दोन झोपाळे टांगले, एक सिमेंटचं हरीण बसवलं आणि पाटीवर "रिसॉर्ट" लिहून घेतलं. हरणाला एकच शिंग होतं, दुसरं टेम्पोतून उतरवताना तुटलं. तरी लेकरं त्याच्यासोबत फोटो काढायची.

पण हॉटेल चाललं ते पंख्यामुळेही नाही आणि हरणामुळे तर नाहीच. ते चाललं आईच्या हातच्या जेवणावर. गोळाभात, पातोडीचा रस्सा, वांग्याचं भरीत, उन्हाळ्यात रस. लोक दरी पाहायचे एकदा आणि जेवणाबद्दल बोलायचे चार दिवस.

आणि आईचा एक नियम होता. तो कसा आला तेही सांगते. पहिल्या दोन-तीन सीझनमधली गोष्ट आहे. अमरावतीकडचं एक कुटुंब दुपारी बाराला यायचं होतं. तीन वाजले तरी पत्ता नाही. आईला वाटलं, आता काही येत नाहीत. तिनं मला वाढलं, स्वतः जेवली, उरलेलं कामाच्या बायांना देऊन टाकलं आणि भांडी घासून पालथी घातली. चारच्या सुमारास ते लोक दारात उभे. घाटात गाडी बंद पडली होती. आईनं पुन्हा स्टो पेटवला, पण भात होईपर्यंत त्यांचं लहान लेकरू रडून रडून उपाशीच झोपून गेलं. कोणी तक्रार केली नाही. उलट ती बाईच म्हणाली, "राहू द्या हो, उशीर आमालेच झाला." पण आईच्या मनाला ते जे लागलं ते लागलंच. त्या दिवसापासून शेवटचा पाहुणा जेवून उठल्याशिवाय घरच्या माणसानं तोंडात घास घालायचा नाही असं तिनं ठरवलं. आणि पाहुण्यांच्या देखत तर मुळीच नाही. ते खोलीत गेले, फिरायला गेले, की मग आपण बसायचं.

तिचं ठरवणं असं असायचं की देव आला तरी बदलणार नाही. मी तेव्हा सात-आठ वर्षांची होते. माझ्या उन्हाळ्याच्या सगळ्या सुट्ट्या दुसऱ्यांच्या पोट्ट्यांना रस वाढण्यात गेल्या. पोटात कावळे ओरडत राहायचे आणि हातात रसाचं पातेलं. एकदा मी कोठीत शिरून पोळी आणि गूळ खाल्ला. आईनं पाहिलं. तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "झालं? आता बाहेर जा अन् त्यांले वाढ." मी बाहेर गेले, वाढलं, आणि मला वाटत राहिलं की पंगतीतल्या प्रत्येकाला माझ्या तोंडाला लागलेला गूळ दिसतो आहे. खरं सांगते, मला ह्या नियमाचा राग होता. चाळीस वर्षं होता. आई, तुझे पाहुणे तुला पोरीपेक्षा जास्त, असं मी तिला माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा ऐकवलं होतं. ती हसली होती फक्त.

पुढं लोक बदलले. येणारे विचारायला लागले, एसी आहे का? चिखलदऱ्याला! वडील हा प्रश्न ऐकला की पंख्याची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. मग स्विमिंग पूल आहे का, डीजे वाजवू देता का. आमच्याकडे एकशिंगी हरीण होतं. वडील गेल्यावर आई एकटीच तिथं राहिली. मी इकडे नागपुरात, शाळेत नोकरी, नवरा बुटीबोरीच्या कारखान्यात. सुट्टी लागली की जायची मी. दर वेळी एक खोली जास्त बंद झालेली असायची. "आई, चल आता माझ्याकडे," म्हटलं की ती म्हणायची, "अन् कोणी आलं तर? कुलूप पाह्यून जाईन का वापस?"

तीन वर्षांमागं पावसाळ्यात स्वयंपाकाच्या बाईचा फोन आला. "ताई, तुमी लवकर या. आई रस्त्यावर उभ्या राहून राहिल्या." धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही तिथं, आणि आई वळणावर उभी राहून येणाऱ्या गाड्यांना हात करत होती. जेवून जा म्हणत होती, पोळ्या गरम आहेत म्हणत होती. हॉटेलात तेव्हा महिनाभर एक माणूस उतरला नव्हता. कोणत्या दिवशी कोणती गाडी तिला उडवेल याचा नेम नव्हता. मी गेले, तिचे कपडे पिशवीत भरले आणि तिला घेऊन आले. शाळेचा राजीनामा दिला. आणि सहा महिन्यांनी आम्ही ते हॉटेल विकलं.

सही आईचीच लागणार होती. तिनं पेन हातात घेऊन मला विचारलं, "कायची सही वं हे?"

"हॉटेलची," मी म्हटलं.

"लायसन्सची का?"

"हो," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहून विश्वासानं सही केली. मी आयुष्यात बरंच खोटं बोलले असेन, पण ते एक मला अजून झोपू देत नाही. घेणाऱ्यांनी पुढच्या महिन्यात मशीन लावून सगळं पाडलं. आता तिथं निळ्या काचांचं काहीतरी उभं आहे म्हणतात. मी पाहायला गेले नाही.

नागपूरला आल्यावर पहिले काही महिने आई बरी जेवायची. भेटायला माणसं यायची ना. नातेवाईक, वडिलांची जुनी गिऱ्हाइकं, माझ्या शाळेतल्या बाया. ते चहा-नाश्ता करून, कधी जेवून जायचे, आणि ते गेले की आई ताट ओढायची. मला वाटायचं, गर्दीनं तिला बरं वाटतं. मग हळूहळू माणसं यायची थांबली. कितीदा येणार कोणी? आणि आईचं जेवण तुटत गेलं. मी तरी दोन्हींचा संबंध जोडला नाही. एवढी शिकलेली बाई मी, पोरांना गणित शिकवायची.

उलट मी नेमकं उरफाटं केलं. कोणीतरी सांगितलं, असं विसरत चाललेल्या माणसांना एकटं जेवायला देऊ नका, सगळे मिळून बसा, त्यांच्यासमोर चवीनं खाऊन दाखवा. म्हणून मी आणि नवरा तिच्या दोन्ही बाजूंना बसून मचमच खाऊन दाखवायला लागलो. "आई, पाहा, भरीत किती मस्त झालं!" आई आमच्याकडे अशी पाहायची की हातातला घास परत ताटात ठेवावासा वाटायचा. एक दिवस तिनं ताट सरकवलं आणि मला म्हणाली, "काही लाजशरम आहे का वं तुले? पाव्हणे यायचे आहेत अजून." आम्ही रोज दोन वेळा तिच्यासमोर तिचाच नियम मोडत होतो आणि वर तिलाही मोड म्हणत होतो. दोन महिने असं चाललं. त्या दोन महिन्यांत तिचं सहा किलो वजन गेलं.

मला कळलं ते एका प्लंबरमुळे. नळ दुरुस्त करायला आला होता, दुपारचा एक वाजलेला, बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मी म्हटलं, भाऊ, दोन पोळ्या खाऊन जा. तो संकोचत बसला, जेवला, हात धुऊन गेला. दार लागलं आणि आईनं मला विचारलं, "झाले सारे?" मी सहज म्हटलं, "हो." आई उठली, ताट घेतलं, दोन पोळ्या आणि वरणभात जेवली. वर ठेचा मागितला. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले.

मग काय विचारता बाप्पा! मी पाहुणे गोळा करायला लागले. नुसतं "जेवून गेले सारे" म्हणूनही पाहिलं होतं, पण ती उष्टी ताटं दाखव म्हणायची. समोरच्या फ्लॅटमधल्या ताई, खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड साहेब, भिशीच्या बाया, पाण्याच्या मशीनचं सांगायला आलेली सेल्सबाई, वॉचमन. कोणी दारात आलं की मी आधी विचारायची, जेवलात का? लोकांना सुरुवातीला मजा वाटली. आई त्यांना आमच्या बाल्कनीत नेऊन म्हणायची, "हे दरीकडची खोली. सकाळी पाह्यजा कसं दिसते ते." खाली पार्किंग. मग एकेकाची कारणं सुरू झाली. डायबेटीस आहे, उपास आहे, मुलीची परीक्षा आहे. शेवटी एक वॉचमन उरला, तोही इंटरकॉमवरून विचारायला लागला, "मॅडम, आज भाजी कायची आहे?" मी त्याच्या आवडीची भाजी करायला लागले. त्यात मला काहीच कमीपणा वाटत नव्हता.

आणि मे महिना लागला. वॉचमन लग्नासाठी गावी गेला. अर्धी बिल्डिंग रिकामी झाली. कुठं गेले सगळे? थंड हवेच्या ठिकाणी. आमच्याच धंद्याचा सीझन! जिन्यात बॅगा उतरताना ऐकू यायच्या आणि मी दाराच्या फटीतून पाहायची, की अरे, हेही चालले. समोरच्या ताई जाताना म्हणाल्या, "आम्ही चिखलदऱ्यालाच चाललो, तुमचं हॉटेल होतं ना तिथं?" मी हो म्हटलं. त्यांच्यावर ओरडावं असं वाटलं, पण त्यांचा काय दोष.

नवऱ्यानं रजा घेऊन पाहुणा व्हायचा प्रयत्न केला. पँट-शर्ट घालून, बाहेरून बेल वाजवून आला बिचारा. आईनं दार उघडलं आणि म्हणाली, "जवाईबापू, तुमी ड्युटीवर नाही गेले आज?" जावयाला बरोबर ओळखलं तिनं. मी हसले आणि मग माझं मलाच ते हसू भयंकर वाटलं.

ह्याच मे महिन्यात वजन अडतीसवर आलं होतं, आणि डॉक्टरांनी दिलेल्या पंधरा दिवसांतले अकरा गेले होते. आई दोन दिवस फक्त पाण्यावर होती. बाराव्या दिवशी मी वरण कालवून चमचा तिच्या तोंडाशी धरला आणि तिनं माझा हात झटकला. वरण भिंतीवर उडालं. मग माझा तोलच गेला. मी जे बोलू नये ते सगळं बोलले. "नाही येणार कोणी! ऐकू येते का? कोणी नाही येणार! हॉटेल विकलं मी. पाडलं त्यांनी, दगड न् दगड उचलून नेला. तुझीच सही आहे त्याच्यावर! तू कोणाची वाट पाहतेस? मरायचं आहे का तुला उपाशी?" माझा आवाज खालपर्यंत गेला असेल, पण खाली ऐकायला होतं कोण.

आई माझ्याकडे पाहत होती. ती रडली नाही, चिडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मंग पाव्हणे जेवतीन कुठं?"

ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्या दिवशी तिनं माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिच्या ओठांवरची कातडी सुटायला लागली होती. हॉटेल विकल्याचं ती विसरली असेल, मी ओरडले हेही विसरली असेल, पण मी जवळ गेले की अंग चोरून घेत होती. मी दवाखान्यात फोन केला. उद्या दहाला घेऊन या म्हणाले, नळीची तयारी ठेवतो.

फोन ठेवल्यावर मी काय केलं ते कोणाला सांगितलं नव्हतं. मी आधी स्वयंपाक केला. वरण, भात, पोळ्या, वांग्याची भाजी, सगळं झाकून ओट्यावर ठेवलं. मग कपाटावरची प्रवासाची बॅग काढली, त्यात दोन उश्या कोंबल्या, म्हणजे भरलेली दिसेल. साडी बदलली. उन्हात जाताना बांधतो तसा दुपट्टा तोंडाला बांधला, गॉगल लावला, बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. आणि माझ्याच घराची बेल वाजवली.

आतून काही हालचाल नाही. दोन दिवस अंथरुणावरून न उठलेली बाई, ती काय उठणार. मी पुन्हा वाजवली. देवा, उठव तिला, एवढंच मनात. तिसऱ्यांदा बेल वाजवायला हात नेला तेव्हा आत पाय घासल्याचा आवाज आला. लॅच उघडायला तिला फार वेळ लागला.

आई दारात उभी होती. एका हातानं चौकट धरलेली, दुसऱ्या हातानं पदर सारखा करत.

"रूम मिळेल का?" मी म्हटलं.

आणि मी गॉगल काढला, दुपट्टा सोडला. मला वाटलं होतं, ती ओळखेल. ओळखून चिडेल, नाहीतर हसेल, म्हणेल, काय नाटकं लावली वं. मी तर म्हणते, मला तेच हवं होतं. तिनं माझ्या तोंडाकडे चांगलं निरखून पाहिलं.

"या ना बाई, या," ती म्हणाली. "कुठून आल्या?"

"नागपूरहून."

"बापा! तिकडं तर लय तपून राहिलं असंन. बसा. आधी पाणी प्या."

ज्या बाईला सकाळी बसतं करायला मला उशी लावावी लागत होती, तिनं मला माठातलं पाणी आणून दिलं. बॅग कोपऱ्यात ठेवली. ओट्यावरची भांडी उघडून पाहिली, मान हलवली, आणि पान वाढायला घेतलं. डावीकडे मीठ, ठेचा, उजवीकडे भाजी. वरणावर तूप. एक वस्तू चुकीच्या जागी पडली नाही. मी जेवायला बसले. मला भूक कुठली, पण मी टाकलं असतं तर तिला वाटलं असतं की भाजी बिघडली. म्हणून मी सगळं खाल्लं. "भात घ्या अजून. लाजू नका, घरचंच समजा," ती म्हणत होती. मला कोणी एवढं आग्रहानं वाढून किती वर्षं झाली होती कोणास ठाऊक.

मी हात धुतले आणि तिच्याकडे पाहिलं. ती उभीच. ताटाला हात लावत नव्हती. मला कळेना. मग तीच म्हणाली, "आता थोडं फिरून या. दरी पाह्यून या." मला घराबाहेर जावं लागणार होतं. मी चपला घातल्या आणि बाहेर गेले. आमच्या स्वयंपाकघराची एक लहान खिडकी जिन्याकडे उघडते. तिथं भिंतीला चिकटून मी पाहिलं. आई खाली बसली, ताट पुढ्यात घेतलं आणि जेवायला लागली. भरभर नाही, नीट चावून. दीड पोळी खाल्ली. मग भात कालवला. बोटं चाटली. मी बाहेर उभी राहून तिचा एकेक घास मोजत होते आणि तोंडावर हात दाबून धरला होता.

तेव्हापासून रोज दोन वेळा मी बॅग घेऊन बाहेर जाते आणि बेल वाजवते. दवाखान्यात गेलो, नळी टळली. महिन्याभरात दोन किलो वाढले. डॉक्टर म्हणाले, "वा, काय केलं तुम्ही?" मी म्हटलं, काही नाही, खायला लागली आपली.

पण फुकट काही मिळत नाही, मला तरी मिळालं नाही. आधी सकाळी वेणी घालताना कधीमधी ती मला ओळखायची. माझ्या घरच्या नावानं हाक मारायची, केस ओढले की शिवी द्यायची. त्या शिवीसाठी मी मुद्दाम थोडी जोरात ओढायची. बेल वाजवायला लागल्यापासून ते बंद झालं. आता मी दिवसभर पाहुणीच आहे. वेणी घालायला गेले की ती कंगवा काढून घेते, म्हणते, "तुमी कायले तरास घेता बाई, आमची माणसं आहेत ना." आंघोळ घालू देत नाही, त्यासाठी बाई लावावी लागली. माझ्या हातानं मी तिची पोरगी घालवली. निवड करायची होती, आई जेवेल किंवा आई ओळखेल. मी जेवण निवडलं. बरोबर केलं की चूक, मला विचारू नका, मी सांगू शकत नाही. रात्र-दिवस हेच डोक्यात फिरतं आणि वेळ झाली की मी उठून उश्या बॅगेत कोंबते.

मागच्या आठवड्यात दुपारी मी जेवून उठले, बॅग उचलली. आई रोजच्यासारखी दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली.

"आज निघाल्याच का?" तिनं विचारलं. "नागपूरलेच ना?"

"हो," मी म्हटलं.

"मंग माहं एक काम करजा. माही पोरगी राहते तिथं, मनीषनगरात. मास्तरीण आहे. थोडी रागीट आहे, पण मनात काही नसते तिच्या." मग तिनं इकडे-तिकडे पाहिलं, दुसऱ्या पाहुण्यांनी ऐकू नये असा आवाज खाली केला. "तिले वाटते, मी जेवत नाही. लय लावून घेतलं तिनं मनाले. तिले भेटून सांगजा, म्हणा, तुही आई बरोबर जेवते. दोन्ही टाइम जेवते. मी माह्या डोयानं पाह्यलं म्हणा."

मी बॅग ह्या हातातून त्या हातात घेतली.

"सांगसान ना?"

"सांगते," मी म्हटलं.

"विसरू नका, बरं."

तिनं दार लावून घेतलं. मी बॅग खाली ठेवून जिन्याच्या पायरीवर बसले. आत ताट मांडल्याचा आवाज आला.